हौसाचे डबे आणि श्रीपतीचा फ्रिज

नदीच्या अंगाला एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव श्रीपती. भोळा म्हणजे किती भोळा, तर दळण घेऊन जाताना कुणी सहज "येतो हं" म्हणालं, की हा गिरणी उघडी ठेवून त्याची वाट बघत बसायचा. माणूस घरी जाऊन जेवून आडवा झालेला असायचा. श्रीपती आपला दारात. "येतो म्हणालाय. आला आणि गिरणी बंद दिसली तर?"

गावात शहाणी माणसं पुष्कळ होती. म्हणजे आम्ही सगळेच. त्यामुळे श्रीपतीवर हसायला माणसांची कधी टंचाई पडली नाही. आणि गंमत अशी, की सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं श्रीपतीच हसायचा. म्हणायचा, "माझं डोकं म्हंजे गिरणी. वरनं जे टाकाल तेच खालनं येतंय. आता तुम्हीच दगड टाकलासा तर मी काय करू?"

एक गोष्ट मात्र खरी. गिरणीत त्याची चूक कधी झाली नाही. बायका सकाळी दळणाचे डबे ठेवून जात. डब्यावर ज्याचं नाव, त्याचं पीठ त्याच डब्यात आणि तो डबा त्याच घरात. एकीची ज्वारी दुसरीच्या घरी गेली असं एकदाही घडलं नाही. तेवढ्या एका गोष्टीत त्याचं डोकं लख्ख चालायचं.

त्याची बायको हौसा. हुशार, चटपटीत, तोंडानं जरा तिखट. श्रीपतीचा तिच्यावर एवढा जीव, की लग्नानंतरच्या जत्रेत बाकीच्या गड्यांनी दंडावर वाघ नाही तर मारुती गोंदवून घेतला आणि यानं मनगटाच्या वर "हौसा" असं गोंदवून घेतलं. त्यावरही आम्ही हसलो. तोही हसला.

तर या हौसाला माहेरी जाऊन राहणं म्हणून कधी माहीत नव्हतं. सकाळी गेली की संध्याकाळी परत. कारण तिची पाठ फिरली, की घरात काहीतरी व्हायचंच. मागच्या खेपेला ती "जरा दुधाकडं बघा" एवढंच सांगून गेली. श्रीपतीनं बघितलं. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, गॅस विझला. तो बघतच होता. शेजारच्या भागाक्काला वास आला म्हणून घर राहिलं. हौसा पुढच्याच गाडीनं परत आली.

पण या वेळी गोष्ट निराळी होती. हौसाच्या आईच्या, तानूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी, वेळच्या वेळी थेंब घालायचे, वाकायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही आणि रडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात भाऊ रंगराव, त्याचं अजून लग्न व्हायचं होतं. म्हातारीजवळ आठवडाभर कुणीतरी बाईमाणूस पाहिजे होतं. कुणीतरी म्हणजे हौसाच.

"ह्या टायमाला अर्ध्यातनं परत येता यायचं न्हाई मला," हौसा म्हणाली. "आईचा डोळा हाय. समजलं न्हवं?"

"समजलं," श्रीपती म्हणाला आणि गळ्याला चिमटा घेतला. "तुला परत बोलवायची पाळी आणली, तर नावाचा श्रीपती न्हाई."

हौसानं आदल्या दिवशी पदर खोचला आणि आठवड्याचा स्वयंपाक एकदम काढला. कांदा-खोबरं भाजून वाटण केलं. दोन कोंबड्यांचा रस्सा केला, सुकं केलं. घेवडा केला, भरली वांगी केली, मटकीला मोड आणून उसळ केली, दोडक्याची भाजी केली, गवार केली. सगळं स्टीलच्या डब्यांत भरलं आणि प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी लावून वार लिहिला. रविवार, बुधवार, शुक्रवार कोंबडी. बाकीच्या दिवशी भाजी. शुक्रवारची कोंबडी दोन डब्यांत होती. रस्सा स्टीलच्या मोठ्या डब्यात आणि सुकं तेवढं एका प्लॅस्टिकच्या डब्यात.

भागाक्का दारात उभी राहून बघत होती. "म्हंजे आठवड्याचं शिळं तू आजच करून ठेवलंस म्हण की," ती म्हणाली.

"फ्रिजात शिळं होत न्हाई, भागाक्का. रोजच्या चार भाकऱ्या तेवढ्या तुम्ही द्या यांना."

"देते बाई. पर ह्याला डबा उघडायला येतोय का?"

"येतोय की," श्रीपती म्हणाला. "डब्यांतच तर जन्म गेला."

हौसा निघाली. गाडीत चढताना म्हणाली, "रोज ज्या त्या वाराचा डबा काढायचा, गॅसवर ठेवायचा, गरम करायचा, खायाचा. एवढंच. आणि घर सोडून कुठं जाऊ नका. येते हं."

"आलं लक्षात," श्रीपती म्हणाला. "आता चुकायचं न्हाई."

रविवारी दुपारी त्यानं रविवारचा डबा काढला. वरच्या बर्फाच्या कप्प्यातला, दगडासारखा कडक. गॅसवर ठेवला. झाकण काढायचं हौसा म्हणाली नव्हती, म्हणून काढलं नाही. डबा आधी गप्प होता. मग कुरकुरला. मग थरथरला. श्रीपती म्हणाला, "गरम व्हायलाय." आणि झाकण उडालं. रस्सा छताला गेला, भिंतीवरच्या कॅलेंडरला गेला, देवाला तेवढा गेला नाही. श्रीपती ताट घेऊन भिंतीखाली बसला. खाली येईल तेवढं जेवला.

दिवेलागणीला हौसाचा फोन आला. श्रीपतीनं झाकण उडाल्याचं सगळं सांगितलं. तिनं तिकडं डोक्याला हात लावला असणार.

"अवो, बर्फातलं लगेच गॅसवर ठेवत्यात का? आधी काढून बाहेर ठेवायचं. तासभर. मग झाकण काढायचं आणि मग गरम करायचं."

"बाहेर, तासभर, झाकण काढून. आलं लक्षात. आता चुकायचं न्हाई."

आणि खरंच, ती चूक त्यानं पुन्हा कधी केली नाही. दुसरी केली.

सोमवारी घेवड्याचा डबा होता. तो बर्फात नव्हताच. पण शिकलेलं वाया कशाला घालवायचं? श्रीपतीनं डबा बाहेर नेला, लिंबाच्या सावलीत कट्ट्यावर ठेवला, झाकण काढलं आणि शेजारी तास मोजत बसला. भागाक्काची शेळी आली. तिनं घेवड्यात तोंड घातलं. श्रीपतीला वाईट वाटलं, पण तास व्हायचा होता आणि तास होईपर्यंत डब्याला हात लावायचा नव्हता. शेळीनं डबा चाटून साफ केला, ढेकर दिल्यासारखं केलं आणि गेली. तास झाला. मग श्रीपती रिकामा डबा आत घेऊन गेला आणि गरम केला.

"खाल्लासा काय मग?" संध्याकाळी हौसानं विचारलं.

"चटणी-भाकरी. पर डबा मस्त गरम झालता."

"उघडं ठेवत्यात का कुणी? आणि ते पण दाराबाहेर? झाकून ठेवायचं ओ! आणि वर काहीतरी जड ठेवायचं, म्हंजे जनावर तोंड घालत न्हाई."

"झाकायचं आणि वर जड ठेवायचं. आलं लक्षात. हौसे, मीबी काय माणूस हाय बघ, शेळीला माझ्यापेक्षा जास्त कळतंय." आणि तो स्वतःच खो-खो हसला. हौसालाही हसू आलं. तिकडून म्हातारीनं विचारलं, "काय म्हणत्यात जावईबापू?" हौसा म्हणाली, "बरं हाय म्हणत्यात."

मंगळवारी भरली वांगी होती. ती त्यानं व्यवस्थित गरम केली. पण ओट्यावर टोपलीत टोमॅटो होते आणि भागाक्कानं दिलेली अंडी होती, आणि ती उघडी होती. श्रीपतीला शेळी आठवली. त्यानं टोपलीवर स्वच्छ फडकं झाकलं. मग जड म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर कोपऱ्यात पाटा. तो त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि टोपलीवर ठेवला. टोपलीत काहीतरी बोललं. श्रीपतीनं कान दिला. पुन्हा काही बोललं नाही.

दुपारी शेळी आली. तिनं पाटा हुंगला आणि तोंड वाकडं करून गेली. श्रीपतीला एवढा आनंद झाला, की त्यानं भागाक्काला हाक मारून दाखवलं. भागाक्कानं पाटा उचलला आणि खाली बघितलं.

"शिरपा," ती म्हणाली, "आमलेट एवढ्या लवकर घालायचं न्हवतं."

"नाजूक वस्तूवर जड ठेवत्यात व्हय?" फोनवर हौसाचा आवाज जरा चढला होता. "नाजूक वस्तू अलगद धरायची. ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि फ्रिजात ठेवायची. म्हंजे टवटवीत राहती."

"नाजूक, अलगद, ओलं फडकं, फ्रिज. आलं लक्षात. आता चुकायचं न्हाई."

बुधवारी कोंबडीचं सुकं होतं. श्रीपतीनं डबा तासभर आधी काढला, झाकण काढलं, घरातच ठेवला, वर ताट झाकलं, मंद गॅसवर गरम केलं. सगळं बरोबर. वास असा सुटला, की दोन घरं पलीकडचं कुत्रं येऊन नमस्कार घातल्यासारखं बसलं. एवढ्यात भागाक्का भाकऱ्यांचा डबा घेऊन आली. पातळ, पापुद्रा सुटलेल्या, हातात घेतल्या तर मोडतील अशा. एवढी नाजूक वस्तू श्रीपतीनं त्या आठवड्यात पाहिली नव्हती. त्यानं भाकऱ्या अलगद उचलल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, परत डब्यात ठेवल्या आणि डबा फ्रिजात.

जेवायला बसताना फडकं सोडलं. भाकरी फडक्याला चिकटून आली. उरलेली त्यानं चमच्यानं खाल्ली. कोंबडी मात्र उत्तम झाली होती, हे इथं सांगायलाच पाहिजे.

त्या संध्याकाळी हौसा रागवायच्या पलीकडे गेली होती. आईचा डोळा ठणकत होता, थेंब घालून घालून हिचे हात थकले होते, आणि वर भागाक्कानं फोन करून विचारलं होतं, की माझा डबा कधी मिळायचा?

"अवो, दुसऱ्याचा डबा घरात ठेवून घेत्यात का? लोक काय म्हणतील? त्याच्यावर नाव घातलंय बघा, भागाक्काचं. गिरणीत काय करतासा तुम्ही? ज्याचं नाव त्याला त्याची वस्तू परत. आणि रिकामा डबा द्यायचा न्हाई कधी. काहीतरी घालून द्यायचा. रीतच हाय ती."

श्रीपती एकदम ताठ बसला. आठवड्यात पहिल्यांदा हौसा असं काही बोलत होती, की जे त्याला आधीपासून येत होतं.

"ज्याचं नाव त्याला परत आणि रिकामं न्हाई. हौसे, हे मला रविवारीच सांगायचं न्हाई का? ह्यात माझा हात कोण धरणार?"

गुरुवारी सकाळी त्यानं भागाक्काचा डबा घासला, त्यात गव्हाचं ताजं पीठ भरलं आणि तिला नेऊन दिला. भागाक्का म्हणाली, "बरं वागलास बाबा." श्रीपतीचा ऊर भरून आला. आठवड्यातलं पहिलं काम न चुकता झालं होतं.

परत येऊन त्यानं फ्रिज उघडला. दोडक्याचा डबा काढायला हात घातला आणि तो थांबला. झाकणावर चिकटपट्टी होती, तिच्यावर "गुरुवार" होतं. पण पट्टीचा कोपरा गारव्यानं सुटला होता आणि खाली स्टीलवर कोरलेलं दिसत होतं. "देवबा कुंभार यांजकडून सप्रेम भेट."

श्रीपतीनं दुसरा डबा काढला. "शेवंताबाई गुरव यांजकडून." तिसरा. चौथा. मग मांडणीवरचे. ताटं, तांबे, परात, पिंप. लग्नात आलेला आहेर तो. ज्यानं दिला त्यानं भांड्यावर आपलं नाव घालून दिलेला, जसा सगळ्यांच्या घरात असतो. श्रीपतीनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "लोकांचे डबे लग्नापासनं दाबून बसलोय आपण. आणि एक माणूस मागायला आला न्हाई. केवढी ही मोठ्या मनाची माणसं!"

त्याला खरोखर लाज वाटली. त्यानं दळणाची हातगाडी काढली. सगळी भांडी घासली. रिकामं तर द्यायचं नव्हतं. देवबाच्या डब्यात दोडका होताच. शेवंताबाईच्या डब्यात मटकीची उसळ होती. एकात गवार, एकात कांदा-खोबऱ्याचं वाटण. बाकीच्यांत त्यानं गिरणीतलं घरचं पीठ भरलं. तांब्यात पीठ, परातीत पीठ. आणि गाडी ढकलत निघाला.

देवबा कुंभार अंगणात बसला होता. "हे काय रे?"

"तुमचा डबा. लग्नात दिलेला. उशीर झाला, राग मानू नका."

देवबाच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. "आहेर परत करायलास?"

"ज्याचा त्याला," श्रीपती नम्रपणे म्हणाला. "रिकामा न्हाई हं. दोडका हाय."

देवबानं झाकण उघडून वास घेतला. वास चांगला होता. त्यानं डबा ठेवून घेतला.

असं घरोघर झालं. कुणी तोंडावर पदर धरला, कुणी मान हलवली. डबा मात्र कुणी परत पाठवला नाही. हौसाच्या हाताची चव सगळ्या गावाला माहीत होती. आम्हीही उसळ खाल्ली आणि उसळ खाता खाताच ठरवून टाकलं, की श्रीपतीचं आणि हौसाचं मोडलं. नाही तर सांगा ना. बायको माहेरी जाऊन बसलेली, कधी नव्हे ती एवढे दिवस. आणि नवरा लग्नातली भांडी परत वाटतोय. दुसरा काय अर्थ काढणार शहाणा माणूस?

संध्याकाळी भागाक्का आली. तिचा चेहरा उतरला होता. "शिरपा, खरं सांग. हौसा परत येणार हाय न्हवं?"

"येते म्हणून गेलीय," श्रीपती म्हणाला. "येणारच."

"मग ही भांडी?"

"ती लोकांची होती, भागाक्का. उद्या फ्रिज घेऊन सासुरवाडीला जाणार."

"फ्रिज?"

श्रीपतीनं बोट दाखवलं. फ्रिजच्या दारावर तांबड्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. वास्तुशांतीला मेव्हण्यानं दिला तेव्हा मोठ्या हौसेनं पेंटर बोलावून लिहून घेतलेलं. "हौसाताईस बंधू रंगराव यांजकडून सप्रेम भेट."

भागाक्कानं तोंडावर हात ठेवला आणि घरी जाऊन फोन हातात घेतला.

त्या संध्याकाळी हौसाचा फोन आला नाही. श्रीपती खूश झाला. "फोन न्हाई म्हंजे आज चूक न्हाई," तो म्हणाला आणि भाकरीला चटणी लावून जेवला. भाजी तर सगळी गावात गेली होती.

शुक्रवारी सकाळी त्यानं फ्रिजमध्ये शेवटचं डोकावून बघितलं. बर्फाच्या कप्प्यात रस्स्याचा मोठा डबा होता. पट्टी सोलून बघितली. "मुलीस आई तानूबाई यांजकडून." तो त्यानं होता तिथंच ठेवला. फ्रिजही रिकामा द्यायचा नव्हता. राहिला सुक्याचा प्लॅस्टिकचा डबा. तो उलटापालटा करून बघितला. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. श्रीपती जरा विचारात पडला. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि हसला. त्या डब्याचं काय करायचं ते त्याला बरोबर समजलं.

टेम्पोवाला म्हणाला, "श्रीपतराव, फ्रिज बिघडलाय का?"

"न्हाई. मालकाला परत करायचाय."

टेम्पोवाल्यानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं आदल्या दिवशी उसळ खाल्ली होती.

फ्रिज उभा बांधला. शेजारी श्रीपती, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून. लिहिलेली बाजू रस्त्याकडे. वाटेत ज्या ज्या गावातून टेम्पो गेला, तिथं लोकांनी ती तांबडी अक्षरं वाचली आणि मिठी मारून उभा राहिलेला माणूस बघितला. काही बायांनी हळहळून मान वळवली. श्रीपतीनं सगळ्यांना राम राम केला.

टेम्पो सासुरवाडीच्या दारात थांबला, तेव्हा ओसरीवर रंगराव बाह्या वर सारून उभा होता. त्याच्यामागे पलंगावर तानूबाई बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा लाल. आणि उंबऱ्यात हौसा. तिच्या हातात भरलेली पिशवी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

श्रीपतीचं तोंड पडलं. त्याला फक्त ती पिशवी दिसली. "तू निघालीस?" तो म्हणाला. "हौसे, मी तर तुला बोलवलं न्हाई. शपथ घेतलीवती. आईंचा डोळा अजून बरा व्हायचाय न्हवं?"

"मग काय करू?" हौसाचा आवाज फाटला. "गावभर आहेर परत वाटलासा. लोक फोन करून विचारत्यात, कशावरनं मोडलं म्हणून. आई रात्रीपासनं रडतीय, जिला डॉक्टरनं रडायचं न्हाई म्हणून सांगितलंय. काय केलं हो मी तुमचं? कोंबडी तिखट झालती का?"

"कोंबडी? झकास झालती," श्रीपती गोंधळून म्हणाला. "मोडलं काय? काय मोडलं?"

रंगराव पुढे आला. "दाजी, सरळ सांगा. माझा फ्रिज परत का आणलासा?"

"तुझं नाव हाय त्याच्यावर."

"मग?"

"ज्याचं नाव त्याला त्याची वस्तू परत द्यायची. बुधवारी हौसानंच सांगितलं. लोकांचे डबे घरात ठेवू नका म्हणाली. म्हणून गुरुवारी सगळ्यांचे दिले. तुझा फ्रिज हातगाडीवर मावंना, म्हणून आज आणला."

हौसाच्या डोळ्यांसमोर भागाक्काचा भाकरीचा डबा आला असावा. हातातली पिशवी तिनं हळूच खाली टेकवली.

"आणि रिकामा न्हाई आणला," श्रीपती घाईनं म्हणाला. त्यानं टेम्पोवर चढून फ्रिज उघडला, रस्स्याचा डबा काढला आणि तानूबाईंसमोर नेऊन ठेवला. "हा तुमचा, आई. तुमचं नाव हाय. कोंबडीचा रस्सा हाय आत, हौसानं केलेला. पर लगेच गॅसवर ठेवू नका. तासभर काढून ठेवायचा, झाकण काढायचं, घरात ठेवायचा, शेळी बघायची." त्यानं थोडा विचार केला. "आणि वर पाटा ठेवायचा न्हाई."

तानूबाईंचे खांदे हलायला लागले. हौसा घाबरली. "आई, रडू नको गं, डोळा जाईल!"

"रडत न्हाई गं," म्हातारी पोट धरून म्हणाली. "हसायची बंदी डॉक्टरनं घातली न्हाई न्हवं?"

मग रंगरावला हसू फुटलं. टेम्पोवाला चाकाला टेकून हसला. श्रीपतीला हळूहळू उमगत गेलं, की गाव काय समजलं आणि हौसानं रात्र कशी काढली. तो आधी पांढराफटक पडला, मग कपाळावर हात मारून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. "म्हंजे मी गावभर माझाच काडीमोड वाटत फिरलो की! आणि वर दोडका घालून!"

हौसा हसली नाही. ती पदरानं डोळे पुसत होती. काल रात्री तिला वाटलं होतं, की आपल्याला घर उरलं नाही. ती चिडून म्हणाली, "ते सगळं झालं. फ्रिज दिला, डबा दिला. मग टेम्पोवाल्याकडनं पाठवायचं की. गिरणी बंद ठेवून तुम्ही कशाला आलासा? सांगितलं होतं ना, घर सोडून कुठं जाऊ नका म्हणून?"

श्रीपती जरा लाजला. मग त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला. मनगटाच्या वर, हिरवट पडलेली जुनी अक्षरं होती.

"ह्याच्यावर तुझं नाव हाय," तो म्हणाला. "सगळ्यांचं सगळं दिलं. मग हेच तेवढं का ठेवून घ्यायचं म्हणलं?"

हौसा त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं पायानं पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "मग ऱ्हावा आता हितंच. आईची पट्टी सुटंपर्यंत मी हलत न्हाई आणि तुम्हालाबी परत पाठवत न्हाई. चला, हातपाय धुवा. भूक लागली असंल."

"भूक?" श्रीपती तिच्याकडे आश्चर्यानं बघत राहिला. एवढी हुशार बाई आणि स्वतःच सांगितलेली रीत विसरली. त्यानं पोटावरून हात फिरवला आणि मोठ्या समाधानानं ढेकर दिली.

"रिकामं परत द्यायचं नसतंय न्हवं, हौसे? शुक्रवारचं सुकं सगळंच्या सगळं खाऊन आलोय."